मैफलीची डागडुजी

जुन्या मैफलींच्या ध्वनिफिती हुडकून काढून, त्या 'स्वच्छ' करून नव्याने प्रसिद्ध करण्याचा उद्योग गेल्या काही वर्षांत फोफावला आहे. जे गवई आजच्या विद्यार्थ्याच्या जन्माआधीच निवर्तले, त्यांचे तासन्‌तासांचे गाणे तो आता आपल्या खोलीत बसून ऐकू शकतो, ही काही सामान्य सोय नव्हे. परंतु 'स्वच्छ करणे' म्हणजे नेमके काय करणे, याची चौकशी फारशी कोणी करीत नाही. फितीवरची खरखर पुसणे ही एक गोष्ट झाली. गवयाचा निसटलेला सूर यंत्राने जागेवर बसविणे, रेंगाळलेला आलाप कातरणे किंवा निराळ्या दिवशीच्या गाण्यातील तान उचलून येथे जोडणे, ही सर्वस्वी वेगळी गोष्ट झाली. पहिलीला डागडुजी म्हणता येईल. दुसरीला पुनर्लेखनच म्हणावे लागेल. बाजारात मात्र दोन्ही एकाच वेष्टनात मिळण्याची सोय आहे.

हा प्रश्न मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांचा. नृसिंहवाडीसारख्या क्षेत्राच्या गावी त्याचा विचार कशाला, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे, की महाराष्ट्रातील रागसंगीताच्या इतिहासाचा मोठा भाग वाडीच्या आसपासच्या टापूत घडला आहे. पंचगंगेपलीकडच्या कुरुंदवाडला १८७२ साली विष्णु दिगंबर पलुस्कर जन्मले. दत्तजयंतीच्या उत्सवात शोभेच्या दारूने त्यांच्या डोळ्यांना इजा झाली आणि त्यानंतर मिरजेस गेलेला हा मुलगा तेथे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी गाणे शिकला. त्याच मिरजेत अब्दुल करीम खाँ स्थायिक झाले. १९३७ साली दक्षिणेच्या प्रवासात ते वारले, तेव्हा त्यांना मिरजेच्याच दर्ग्यात चिरविश्रांती देण्यात आली. तेथे त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी गवई हजेरी लावतात. कोल्हापूरच्या दरबारी अल्लादिया खाँ होते. त्यांची एकही ध्वनिमुद्रिका नाही. ते कसे गात, हे आज शिष्यांच्या गायकीवरून आणि ऐकणाऱ्यांच्या आठवणींवरूनच ताडावे लागते.

म्हणूनच जे थोडेफार ध्वनिमुद्रित झाले, त्याचे मोल आहे. आणि खासगी मैफलींपैकी पुष्कळशा कोणा कंपनीने नव्हे, तर हौशी वकिलाने, डॉक्टरने वा शिक्षकाने स्वतःच्या पदरमोडीने टिपून ठेवलेल्या आहेत. अशा मैफलीची फीत बहुधा एकच असते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कृष्णा-पंचगंगेचे पाणी या भागातील घराघरांत शिरले. भिजलेली वही उन्हात वाळविता येते. बुरशी चढलेली फीत वाचविणे फार कठीण. मूळ फीत गेली, की तिची दुरुस्त केलेली प्रत हीच मूळ ठरते. मग त्या प्रतीत कोणी काय फिरविले, हे पडताळून पाहण्यास काही साधनच उरत नाही.

आता ही दुरुस्ती कशी होते ते पाहण्यासारखे आहे. फितीवरची सततची सूं सूं घालविण्यासाठी संगणकाला आधी 'निव्वळ खरखर' कोणती, हे दाखवावे लागते. त्यासाठी कोणी गात-वाजवीत नसलेला क्षण निवडायचा, त्याचा नमुना घ्यायचा आणि तो साऱ्या ध्वनिमुद्रणातून वजा करायचा, अशी ही रीत आहे. भाषणाच्या फितीला ती चालून जाते. पण आपल्या मैफलीत असा क्षण असतो कोठे? गवई श्वास घेतो, तबला थांबलेला असतो, तेव्हाही तंबोरे बोलतच असतात. यंत्र त्या क्षणाला शांतता समजते, आणि खरखरीबरोबर तंबोराही पुसून टाकते. घोडीवर तारेखाली सूत सरकवून लावलेली जवारी, खरजाच्या तारेतून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार, हे सारे यंत्राच्या हिशेबी कचऱ्यात जमा होते. उरतो तो पोकळीत गाणारा एक लखलखीत गळा. ज्या मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तिच्या पंचक्रोशीतल्या श्रोत्याला तरी यात काय गमावले, हे सांगावयास नको.

सुराच्या दुरुस्तीची गोष्ट याहून गंभीर आहे. १९९७ पासून सूर 'नीट' करणारी यंत्रणा बाजारात आली. तिची नेहमीची फूटपट्टी म्हणजे सप्तकाचे बारा समान भाग. दरबारीचा आंदोलित गंधार त्या फूटपट्टीवर चुकीचाच ठरणार! याच कृष्णाकाठी सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींचे गणित मांडून १९१० साली त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले, आणि अब्दुल करीम खाँसाहेबांनी आपल्या गळ्याने त्या प्रयोगांना साथ दिली. हार्मोनियमच्या पट्ट्यांत न सापडणारा सूर गवयाच्या गळ्यात असतो, हे दाखविण्यासाठी तो सारा खटाटोप होता. शंभर वर्षांनंतर तोच सूर संगणकाने त्याच पट्ट्यांत कोंबावा, हा मोठाच विनोद म्हटला पाहिजे.

सगळीच दुरुस्ती वाईट, असे मात्र नव्हे. जुनी यंत्रे कधी मंद, कधी जलद चालत. काळी एकमध्ये गाणारा गवई फितीवर पांढरी दोनमध्ये ऐकू येतो. ही गती सुधारणे हे सत्याकडे परत जाणे आहे. गंमत अशी, की त्यासाठी कधी कधी फितीतली विजेची घरघरच उपयोगी पडते. विजेचा प्रवाह सेकंदाला सुमारे ५० आवर्तनांचा, तेव्हा ती घरघर वर-खाली सरकली असेल तर फीतही तितकीच सरकली, असा अंदाज बांधता येतो. (आपल्याकडील वीजही काही फार स्थिर नसे, हा भाग वेगळा.) घाईने आधी घरघर काढली, तर हा पुरावाच जातो. ध्वनिक्षेपकाची शीळ, फितीवरचा ओरखडा, हे यंत्राचे दोष. ते खुशाल काढावेत. परंतु खाकरणे, तंबोरा मध्येच जुळविणे, साथीदाराच्या तोंडून निसटलेली दाद या मैफलीत घडलेल्या गोष्टी आहेत. वाडीला पालखीच्या वेळी पदे म्हणतात. त्यांच्या ध्वनिमुद्रणातून घंटा, पावलांचा आवाज आणि गर्दीचा नामघोष वगळला, तर उरेल ते कदाचित सुबक असेल. पण ते वाडीचे असणार नाही.

पाश्चात्त्य जगात हा वाद जुना आहे. व्लादिमिर होरोविट्झ हा पियानोवादक बारा वर्षांच्या खंडानंतर १९६५ साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजविण्यास बसला, तेव्हा आरंभीच त्याच्या बोटांनी दगा दिला. ध्वनिमुद्रिकेत त्या चुका दुरुस्त करण्यात आल्या. २००३ साली कंपनीनेच ती मैफल काटछाट न करता पुन्हा काढली, आणि तसे वेष्टनावर छापले. ड्यूक एलिंग्टनच्या १९५६ च्या न्यूपोर्ट महोत्सवातील ध्वनिमुद्रिकेचा प्रकार याहून धीट. तिचा बराच भाग मागाहून बंद खोलीत पुन्हा वाजवून त्यावर टाळ्या चढविलेल्या होत्या. पुढे त्या रात्रीची 'व्हॉइस ऑफ अमेरिका'ची फीत सापडली. १९९९ मध्ये कंपनीची आणि नभोवाणीची अशा दोन फितींचा मेळ घालून अस्सल मैफल श्रोत्यांपुढे ठेवण्यात आली. तंत्र तेच, वापरणाऱ्याचा हेतू बदलला.

कोणी म्हणेल, होरोविट्झला आपली चूक झाकण्याचा हक्क नव्हता काय? होता. कलावंताने स्वतःच्या हयातीत केलेली निवड आपण मान्य केली पाहिजे. येथे प्रश्न आहे तो हयात नसलेल्यांचा. आता तर एकाच फितीतून गळा, तबला आणि पेटी वेगवेगळी काढता येतात. बीटल्सचे 'नाऊ अँड देन' हे गाणे २०२३ साली निघाले, ते जॉन लेननचा आवाज एका घरगुती कॅसेटमधून असा विलग करूनच. उद्या एखाद्या दिवंगत गवयाला त्याने कधी ऐकलीही नव्हती अशी साथ जोडणे काहीच अवघड नाही. जुन्या चित्रपटगीतांवर 'झंकार'च्या नावाखाली नवा ताल बडविण्याचा जो धंदा कॅसेटच्या काळात चालला, तो निदान उघड होता; वेष्टनावर तसे ठळक छापलेले असे.

कायदा काय म्हणतो? प्रतिलिपी अधिकाराच्या १९५७ च्या कायद्यात २०१२ साली कलम ३८-ब घालण्यात आले. आपल्या प्रयोगाची नावलौकिकास बाधक अशी मोडतोड झाल्यास तिला हरकत घेण्याचा हक्क त्याने कलावंताला दिला. पण लगेच खाली पुस्ती जोडली आहे: संपादनासाठी वा ठराविक वेळात बसविण्यासाठी एखादा भाग वगळणे, किंवा निव्वळ तांत्रिक कारणाने करावा लागणारा बदल, हा बाधक मानू नये. 'तांत्रिक कारण' या दोन शब्दांच्या आडून काय काय करता येईल, याची कल्पना वाचकांनीच करावी. शिवाय कलावंताच्या प्रयोगहक्काची मुदत ५० वर्षांची. आज ज्या मैफली दुरुस्त होत आहेत त्यांतील पुष्कळ तिच्या पलीकडच्या. २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाच्या यांत्रिक नकलेस मनाई केली, ती ते स्वतः दाद मागण्यास गेले म्हणून.

तेव्हा कायद्याची वाट पाहत बसण्यापेक्षा प्रकाशकांनी एवढे करावे, की प्रत्येक पुनःप्रकाशनावर मैफलीची तारीख, स्थळ, मूळ फितीचा प्रकार, गती किती बदलली, काय पुसले आणि काय कापले, हे चार ओळींत छापावे. कापडावर धाग्याचे प्रमाण आणि औषधाच्या बाटलीवर घटकद्रव्ये छापण्याची सक्ती आपण मान्य केलीच आहे. आणि दुरुस्तीला हात घालण्याआधी मूळ फितीची जशीच्या तशी प्रत काढून ती एखाद्या सार्वजनिक संस्थेत ठेवावी. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा दंडक हाच आहे. आपल्याकडे शिवाजी विद्यापीठाने किंवा कोल्हापूरच्या देवल क्लबने हे काम अंगावर घेतले, तर फितींचे मालक त्यांच्यावर विश्वास टाकतील असे प्रस्तुत लेखकास वाटते. खर्चाची सबब येथे टिकणारी नाही. त्या दंडकाप्रमाणे उत्तम प्रतीची नक्कल केली, तर एका तासाच्या गाण्याला सुमारे दोन गिगाबाइट जागा लागते. तीन तासांची मैफल सहा गिगाबाइटांत बसते, आणि एवढी जागा असलेली पेनड्राइव्ह आज शाळेतल्या मुलाच्या दप्तरातही सापडते.