तळवड्याच्या बायका गुगलवर का सापडत नाहीत?

मी तळवड्यात राहते. एमएसडब्ल्यूची दोन-चार मुलं दरवर्षी आमच्या वस्तीत फील्डवर्कला येतात. यंदा एका मुलीचा विषय होता, छोट्या वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्या बायका. पंधरा दिवस मोबाईलवर शोधून ती म्हणाली, "ताई, काहीच मिळत नाहीये."

मग आम्ही दोघी बसलो. 'तळवडे' टाकलं की आधी फ्लॅटच्या जाहिराती, मग आयटी पार्क, मग कोकणातलं तळवडे. बायकांबद्दल जे काही आलं, ते जवळपास सगळं एकाच घटनेचं. ८ डिसेंबर २०२३. वाढदिवसाच्या केकवर लावतात त्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्यांच्या कारखान्याला आग लागली. त्या दिवशी सहा जीव गेले, पुढे हॉस्पिटलमध्ये आकडा वाढत गेला. बहुतेक बायकाच. पण त्याच्या आदल्या दिवसापर्यंत त्या किती तास राबत होत्या, हजेरी किती मिळत होती, मुलांना कुठे ठेवून येत होत्या? काही नाही.

सरकारी आकडे बघावेत, तर शेवटची जनगणना २०११ ची. तळवडे १९९७ मध्येच महापालिकेत आलं, त्यामुळे गावांच्या यादीत ते नाही, शहराच्या बेरजेत गेलं. एनएफएचएस-५ मध्ये आकडे आहेत, पण अख्ख्या पुणे जिल्ह्याचे. कोरेगाव पार्क आणि रुपीनगर एकाच सरासरीत!

शेवटी तिने एआयला विचारलं. त्याने झकास संदर्भ दिले. शोधायला गेलो तर त्यातले दोन लेख अस्तित्वातच नव्हते. पोरांनो, जो लेख स्वतः उघडून वाचला नाही, तो संदर्भात लिहू नका.

मग करायचं काय? शोधगंगावर जा. देशभरातले पीएचडीचे प्रबंध तिथे फुकट आहेत. नुसतं इंग्रजीत शोधू नका, 'असंघटित महिला कामगार' असं देवनागरीत टाका. मराठी प्रबंध निघतात. मात्र जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेली किंवा नुसती स्कॅन केलेली पानं सर्चमध्ये सापडत नाहीत, तिथे अनुक्रमणिका उघडून प्रकरणं चाळावी लागतात. जीआर शासनाच्या साईटवर मराठीतच मिळतात. महागड्या जर्नल्ससाठी १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' सुरू झालंय, ते सरकारी संस्थांसाठी. आपलं कॉलेज त्यात बसतं का, ते लायब्ररीत विचारा. विचारायला लाजू नका.

पण माझं खरं दुखणं वेगळं आहे.

त्या मुलीला घेऊन मी एका बाईकडे गेले. पहिला प्रश्न ऐकूनच ती म्हणाली, "मागल्या वर्षी पण एक पोरगी हेच विचारून गेली. त्याचं काय झालं?"

काय झालं? स्पायरल बायंडिंग झालं, तोंडी परीक्षा झाली, मार्क पडले आणि लघुप्रबंध कॉलेजच्या कपाटात गेला. पीएचडीचा प्रबंध शोधगंगावर जातो, एमएसडब्ल्यूच्या लघुप्रबंधाला अशी जागा नाही. म्हणजे तळवड्याची माहिती नाही असं नाहीये. ती आमच्याच पोरांनी दारोदार फिरून गोळा केलीय. ती कुलपात आहे. म्हणून पुढची पोरगी परत पहिल्यापासून तेच प्रश्न विचारते, आणि दिवसभर उभं राहून आलेली बाई तिला परत अर्धा तास देते.

कोणी म्हणेल, ऑनलाइन टाकलं तर मुलं कॉपी करतील. कपाटातून होत नाही का? उलट उघड्यावर असेल तर चोरी लवकर पकडली जाईल. बायकांची नावं, पत्ते, कारखान्याची ओळख काढायची आणि मुलाखत घेतानाच परवानगी मागायची, एवढं पथ्य मात्र पाळायलाच हवं.

समाजकार्याच्या कॉलेजांना माझी एकच विनंती आहे. निदान गेल्या पाच वर्षांच्या लघुप्रबंधांची यादी आणि प्रत्येकाचा दोन पानी मराठी सारांश युनिकोडमध्ये वेबसाईटवर टाका. त्याला निधी लागत नाही, एक ऑपरेटर आणि एक सुट्टी पुरे. विद्यार्थ्यांनो, कॉलेज टाकेपर्यंत थांबू नका. गाईडला विचारून स्वतःचा सारांश तुम्ही टाका, आणि एक प्रिंट वस्तीत आणून वाचून दाखवा.

"त्याचं काय झालं?" असं पुढच्या वर्षी त्या बाईने विचारलं, तर मला काहीतरी दाखवता आलं पाहिजे.

तुमच्या कॉलेजात असं काही होत असेल तर कमेंटमध्ये जरूर सांगा.