निवेदन नव्हे, हिशेब वाचा!

दोन धनदांडगे भांडू लागले की दोघेही तत्त्वाची भाषा बोलू लागतात. अशा वेळी सामान्य वाचकाने कोणाचे खरे मानावे? अमेरिकेत २०१७ ते २०१९ या काळात ॲपल आणि क्वालकॉम या कंपन्यांत पेटंटच्या रॉयल्टीवरून झालेला झगडा या दृष्टीने तपासून पाहण्यासारखा आहे.

मोबाईलला नेटवर्कशी जोडणाऱ्या तंत्राची असंख्य पेटंटे क्वालकॉमकडे आहेत. त्यांची रॉयल्टी चिपच्या किमतीवर नव्हे, तर संपूर्ण फोनच्या किमतीवर आकारायची, ही तिची पद्धत. जानेवारी २०१७ मध्ये ॲपल कोर्टात गेली. कॅमेरा आणि पडदा आम्ही सुधारायचा, त्यात क्वालकॉमचा वाटा कशाला, हा तिचा सवाल. आयफोनचे यश आमच्या तंत्रावर उभे आहे, हे क्वालकॉमचे उत्तर. दोघांच्याही तोंडी संशोधनाचा गौरव. भांडण मात्र टक्केवारी कशावर मोजायची याचे!

नोव्हेंबर २०१८ मध्ये क्वालकॉमचे प्रमुख स्टीव्ह मोलेनकॉफ म्हणाले, समझोता उंबरठ्यावर आहे. जानेवारी २०१९ मध्ये ॲपलचे टिम कुक म्हणाले, कित्येक महिन्यांत बोलणीच झालेली नाहीत. एकाला भागधारकांना धीर द्यायचा होता, दुसऱ्याला आपण नमलो नाही हे दाखवायचे होते, असाच याचा अर्थ लागतो.

आणि १६ एप्रिल २०१९ रोजी, खटला उभा राहत असतानाच, तडजोड झाली! सर्व दावे मागे, सहा वर्षांचा परवाना, चिपचा पुरवठा आणि ॲपलकडून क्वालकॉमला रक्कम. किती? संयुक्त निवेदन गप्प. आयफोन घेणाऱ्या ग्राहकाबद्दलही त्यात एक शब्द नव्हता. त्याच दिवशी ॲपलला मोडेम पुरवणाऱ्या इंटेलने ५जी फोनच्या मोडेमच्या धंद्यातून अंग काढून घेतले. तत्त्वाची लढाई का थांबली असावी, याचा सुगावा निवेदनात नव्हता, या दुसऱ्या बातमीत होता.

दोन आठवड्यांनी तिमाही हिशेब मांडताना मात्र क्वालकॉमला आकडा सांगावा लागला. तडजोडीतून साडेचार ते ४.७ अब्ज डॉलरचा महसूल!

निवेदन कंपनी आपल्या मर्जीने लिहिते. हिशेब तिला कायद्याने मांडावा लागतो. म्हणून निवेदन हाती आले की तीन प्रश्न विचारावेत. हे कोणासाठी लिहिले? यात काय लपवले? आणि पैसा कोणाच्या खिशातून कोणाच्या खिशात गेला? हे प्रश्न न विचारणारा वाचक दुसऱ्याच्या भांडणात फुकटचा साक्षीदार ठरतो.