‘मनी’ म्हणजे घर : परगावच्या गुरुजीचं थोडं मनातलं



आपलं इंग्रजी सुधारावं म्हणून मी रात्री जेवणानंतर मोबाईलवर काही व्हिडिओ बघतो. दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवायला गेलेले परदेशी शिक्षक आपला दिवस कसा जातो ते त्यात दाखवतात. शाळेच्या दारात बूट काढायचे आणि आत सपाता घालायच्या. मुलं वाकून नमस्कार करतात. दुपारी खाचांच्या स्टीलच्या ताटात भात, सूप आणि किमची (कोबीचं आंबट-तिखट लोणचं समजा) घेऊन मुलांसोबतच बसायचं. संध्याकाळी छोट्याशा खोलीत एकटं बसून घरी फोन लावायचा.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसूच आलं. म्हटलं, हे तर आपलंच चाललंय! चपला वर्गाबाहेर, खिचडीची चव आधी आपण बघायची, आणि रात्री आईला फोन. ते विमानाने गेले, मी एसटीने आलो, एवढाच काय तो फरक.

मी मूळचा बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर तालुक्यातला. डी.एड. करून २०१० साली शिक्षणसेवक म्हणून सोलापूर जिल्ह्यात लागलो. मानधन महिना ३००० रुपये. शाळा होटगी परिसरातली. तुम्ही कधी या बाजूला आला असाल तर माहीत असेल, सोलापूरहून येणारी रेल्वे होटगीला फुटते. एक लाइन वाडीकडे जाते, दुसरी विजयपूर-गदगकडे. दोन्ही कर्नाटकात. नकाशा बघूनच मला कळायला हवं होतं की पुढे काय वाढून ठेवलंय. पण नोकरी लागल्याच्या आनंदात नकाशा कोण बघतो!

शाळा मराठी माध्यमाची. (दक्षिण सोलापूर, अक्कलकोट भागात जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळाही आहेत, पण माझी तशी नव्हे.) पहिलीच्या वर्गात उभा राहिलो आणि विचारलं, “तुझं नाव काय?” समोरच्या पोराने हात पुढे केला. मला वाटलं, खडू मागतोय. पुन्हा विचारलं, “काय? काय?” त्याने दुसराही हात पुढे केला. बाकीची पोरं खुदुखुदु हसायला लागली. नंतर कळलं की कन्नडमध्ये ‘कै’ म्हणजे हात. गुरुजी हात दाखव म्हणतायत असं त्या बिचाऱ्याला वाटलं होतं.

दुसरी फजिती ‘नाय’ची. बोलताना माझ्या तोंडी ‘नाही’ऐवजी सारखं ‘नाय’ येतं. पोरांच्या कानाला ते ‘नायि’ लागायचं, म्हणजे कुत्रा. मी कुणाला “नाय, असं नाय लिहायचं” म्हणालो की वर्गात हशा! आठवडाभर मला वाटत होतं, ही पोरं उनाड आहेत.

आणि इंग्रजीच्या तासाची गंमत तर विचारूच नका. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, हे आपण सगळे जाणतो. मी फळ्यावर ‘मनी’ हा इंग्रजी शब्द लिहिला आणि अर्थ विचारला. एक मुलगा ताडकन उठला आणि म्हणाला, “घर!” मी ‘चूक’ म्हणून त्याला खाली बसवलं. खरं तर या भागातल्या कन्नडमध्ये घराला ‘मनी’च म्हणतात. मूल एका भाषेतून दुसऱ्या भाषेत बरोबर भाषांतर करत होतं, आणि मी त्याला चूक ठरवत होतो. आज आठवलं की वाईट वाटतं. तो पोरगा त्यानंतर कितीतरी दिवस हात वर करायचा नाही.

आता मुद्द्यावर येतो. मूल गप्प बसतं, चुकीचं लिंग वापरतं, धडा वाचताना अडखळतं, तेव्हा आपण वहीत ‘अप्रगत’ लिहून मोकळे होतो. पण त्यातलं किती मुलाचं आणि किती आपलं? ‘बस आलं, गाय आलं, भाकरी जळालं’ असं माझी पोरं म्हणायची. मी लाल पेनाने गोल करायचो. पुढे थोडं कन्नड कळायला लागलं तेव्हा उमगलं की कन्नडमध्ये पुल्लिंग-स्त्रीलिंग माणसांपुरतं, आणि वस्तू, जनावरं सगळी नपुंसकलिंगी. ‘बस बंतु, नायि बंतु.’ म्हणजे माझं पोर व्याकरण सोडून बोलत नव्हतं. ते त्याच्या घरच्या व्याकरणाने चाललं होतं. तसंच ‘बस्सु’, ‘कारु’, ‘पेन्नु’. शेवटी ‘उ’ लावायचा, त्याशिवाय शब्द पुरा झाल्यासारखा वाटत नाही. कोरियातही हेच! तिथली मुलं ‘बस’ला ‘बॉसु’सारखं काहीतरी म्हणतात, ‘चीज’ला ‘चिजु’. त्यांच्या भाषेत ‘फ’चा दंतोष्ठ्य उच्चार नाही, म्हणून कॉफीची ‘खॉपी’ होते. (आपल्याकडे कॉपी म्हटलं की भरारी पथक आठवतं, ते वेगळं.) आणि कोरियन मुलं वडलांना ‘अप्पा’ म्हणतात, अगदी माझ्या वर्गातल्या मुलांसारखीच. हे ऐकलं त्या रात्री मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

पण त्या शिक्षकांच्या आणि आपल्या परिस्थितीत एक मोठा फरक आहे, आणि तोच मला तुमच्यापुढे मांडायचा आहे. कोरियाने सरकारी शाळांसाठी १९९५ साली परदेशी इंग्रजी शिक्षक आणायची योजना सुरू केली. १९९७ पासून तिथे तिसरीपासून इंग्रजी सक्तीचं झालं. शिक्षक प्रामुख्याने सात देशांतून घेतात : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. २०१० साली भारत-कोरिया करार लागू झाला, तेव्हा आपल्याकडच्या पात्र शिक्षकांनाही थोडं दार उघडलं. पगार महिना वीस लाख वॉनच्या वर. आकडा ऐकून डोळे विस्फारू नका, वॉन फार लहान असतो. राहायला घर किंवा घरभाडं, येण्या-जाण्याच्या तिकिटाची मदत, आठवड्याला साधारण २२ तास. हे सगळं असो. मला हेवा वाटतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. परदेशी शिक्षकाला तिथे आधी काही दिवस प्रशिक्षण देतात, त्यात थोडं कोरियनही शिकवतात. आणि वर्गात त्याच्या शेजारी एक कोरियन शिक्षक उभा असतो. पोरगं गडबडलं की तो त्याच्या भाषेत दोन शब्द सांगतो, गाडी पुढे जाते.

मला असं कुणी दिलं होतं का? आदेश मिळाला, रुजू झालो, हजेरी पुस्तक हातात आलं. संपलं.

तरी मला एक सहशिक्षिका मिळाली, पण ती कुठल्या कागदावर नव्हती. आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या अक्का. एके दिवशी पहिलीतली एक मुलगी रडायची थांबेना. मी विचारून विचारून थकलो. अक्का हातातली पळी घेऊन तशाच दारात आल्या, कन्नडमध्ये दोन वाक्यं बोलल्या आणि मुलगी शांत झाली. तिची पेन्सिल बाकाच्या फटीत गेली होती. बस, एवढंच! त्या मुलीबद्दल मी दोन महिने नोंदवहीत ‘प्रतिसाद देत नाही’ असं लिहीत होतो. अक्का म्हणाल्या, “सर, ही घरी सगळं बोलती की. तुम्ही कसं बोलता ते करून दाखवती.”

तेव्हापासून मी रोज डाळ-तांदूळ मोजून देताना अक्कांकडून पाच शब्द लिहून घ्यायला लागलो. नीरु, ऊटा, बा, होगु, कुंदरु. त्या दुरुस्त करायच्या, पोरं हसायची. मी कन्नड चुकीचं बोललो की पोरांना कोण आनंद! गुरुजीपण चुकतात, हे त्यांना त्याच दिवशी कळलं. मग तीही मराठीत चुकायला घाबरेनाशी झाली.

एक अनुभव मात्र मी कधी विसरणार नाही. बेरजेचा पाठ झाल्यावर नेहमीप्रमाणे विचारलं, “समजलं का?” सगळा वर्ग एका सुरात, “होऽऽ सर!” मग सहज वाटलं म्हणून विचारलं, “तिळीत?” म्हणजे तेच, समजलं का. जरा वेळ शांतता. आणि मग अर्ध्याहून जास्त पोरं म्हणाली, “इल्ला, सर.”

तुम्हीच सांगा, त्या आधीच्या ‘हो’चं मी काय करायचं? चार-पाच महिने त्या ‘हो’वर मी अभ्यासक्रम पुढे ढकलला होता. मराठीत ‘समजलं का’ला ‘हो’ म्हणायचं असतं, हे ती पोरं पाठ करून बसली होती. नाही समजलं हे सांगायला त्यांना त्यांची भाषा लागत होती.

यावर एक आक्षेप मी खूपदा ऐकला आहे. एका सहकाऱ्यानेच मला सुनावलं होतं, “तुम्ही त्यांच्या भाषेत बोलायला लागलात तर ती मराठी कधी शिकणार? आपण महाराष्ट्रात आहोत ना?” प्रश्न चुकीचा नाही, आणि सीमाभागात भाषेचा विषय किती नाजूक आहे हे मलाही कळतं. पण मी काही वर्ग कन्नडमध्ये घेत नाही. माझं कन्नड तेवढं आहेच कुठे! फळ्यावर तीन रकाने करतो : मनी, घर, हाऊस. पहिल्या रकान्यातलं मूल सांगतं, दुसऱ्यातलं मी, तिसऱ्यातलं दोघं मिळून. दिवाळीपर्यंत पहिला रकाना आपोआप ओस पडायला लागतो. ज्या वर्षी मी असं केलं नव्हतं त्या वर्षी दुसरा रकानाही भरत नव्हता. शिक्षण हक्क कायद्यातही शक्य तिथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावं असं म्हटलेलं आहे, तेव्हा मी काही जगावेगळं करत नाही.

आणि फक्त कन्नडच नाही हो. माझ्या वर्गात दखनी बोलणारी पोरं आहेत, तांड्यावरून येणारी, गोरमाटी बोलणारी आहेत. त्यांचं मला अजूनही नीट जमलेलं नाही. गोरमाटीचे वीस-पंचवीस शब्द येतात, त्यावर ओढतोय. ही माझी कमतरता आहे.

माझं मागणं फार नाही. सीमाभागात किंवा तांड्यावर नवा शिक्षक द्यायचा तर रुजू होण्याआधी त्याला दहा दिवस तिथली बोली ऐकवा. आपण दरवर्षी इतकी प्रशिक्षणं करतो, त्यातलं एक कमी करा. आणि पहिली-दुसरीच्या वर्गात निदान दोन तास गावातलीच, दोन्ही भाषा येणारी एखादी व्यक्ती मानधनावर बसवा. बारावी झालेल्या सुना आहेत, मुली आहेत. आमच्या अक्कांना खिचडीचे महिना अडीच हजार मिळतात. वर्गातल्या त्या दोन वाक्यांचे काहीच मिळत नाहीत.

कोरियाचंही सगळं गोड नाही, हे सांगायला हवं. तिथला परदेशी शिक्षक बहुधा एका वर्षाच्या करारावर असतो. बरेच जण वर्ष-दोन वर्षांत परत जातात, कित्येकांना कोरियन धड येत नाही, आणि पोरांना पुन्हा नवा चेहरा, नवा उच्चार. शाळा सुटली की मुलं खासगी क्लासला, तिथून रात्री घरी. नोव्हेंबरातल्या त्यांच्या मोठ्या परीक्षेत इंग्रजीचं श्रवण चालू असताना विमानंसुद्धा थांबवतात! इकडे होटगी रोडच्या विमानतळावरून विमान उडालं की आमचा चौथीचा वर्ग खिडकीला लटकतो. मला आमचंच बरं वाटतं.

पण त्या एक वर्षाच्या करारवाल्यांना नावं ठेवताना मला माझी पहिली तीन वर्षं आठवतात. मीही तेव्हा मनाने इथे नव्हतोच. खोलीत सामान असं ठेवलं होतं की केव्हाही उचलता यावं. गादीही घेतली नव्हती. आंतरजिल्हा बदली कधी, एवढा एकच विषय. शनिवारी सोलापूर गाठायचं, बीड, जालना, सिंदखेडराजा करत घरी पोचायचं आणि आल्या पावली निघायचं. अशा माणसाला पोरांचे शब्द कुठून ऐकू येणार?

आता आई थकली आहे. फोनवर रोज विचारते, “जेवला का रे?” मी तिला गमतीने ‘ऊटा आत?’ शिकवलं होतं, तर हल्ली तसंच विचारते. यंदा बदलीचा अर्ज भरला आहे, पहिली पसंती बुलढाणा. खोटं कशाला बोलू? जायचं आहे. आणि पहिलीचा वर्ग समोर आला की पोटात कालवतं, तेही खरं आहे.

अक्कांनी दिलेल्या शब्दांची वही मात्र पूर्ण करायला घेतली आहे. तीनेकशे शब्द झालेत, कन्नड, मराठी आणि इंग्रजी, सगळे देवनागरीत. शेवटची काही पानं गोरमाटीसाठी कोरी सोडली आहेत. अक्कलकोट, मंगळवेढा, जत भागातल्या कुणाकडे अशी वही असेल तर एकमेकांची उतरवून घेऊ. माझी शाळेच्या कपाटात वरच्या खणात असते. माझ्या जागी जो कुणी येईल, त्याच्यासाठी पहिल्या पानावर लिहून ठेवलंय : “वर्गात ‘नाय’ म्हणू नका, ‘नाही’ म्हणा. कारण पोरांना विचारा.”