दशावतारातला 'टीचर' आणि आपली पाचवी प्रतिज्ञा

वाकडला आमच्या अभ्यासिकेत येणारा एक पोरगा भोसरीत प्रेस शॉपला हेल्पर आहे. परवा त्याने इअरफोन माझ्या हातात दिला. "ताई, ऐका. मेटलमध्ये बुद्धावर गाणं आहे!"

अल्बम होता मुंबईच्या डेमॉनिक रेझरेक्शन या बँडचा 'दशावतार' (२०१७). नववं गाणं, 'बुद्ध - द टीचर'. मी ऐकलं आणि आमचा वाद सुरू झाला.

आधी श्रेय देते. साहिल मखिजाने २००० साली उभा केलेला हा बँड भारतीय मेटलमधलं मोठं नाव. 'अ डार्कनेस डिसेंड्स' (२००५), 'द रिटर्न टू डार्कनेस' (२०१०) आणि 'द डीमन किंग' (२०१४) हे तीन त्याच्या आधीच्या अल्बमपैकी. मध्यभागी अंधार आणि राक्षस. पण तो राक्षस पाश्चात्त्य कल्पनाविश्वातला, कुठल्याही देशात चालेल असा. 'दशावतार'मध्ये बँड पहिल्यांदा इथल्या मातीत उतरला. संगीतातही इथला रंग आला. नुसतं संगीत म्हणाल तर मला हा अल्बम आधीच्या तिन्हींपेक्षा सरस वाटतो.

पण मातीत उतरलं की मातीतलं भांडणही अंगावर घ्यावं लागतं.

जोतीराव फुल्यांनी १८७३ सालीच 'गुलामगिरी'त मत्स्यापासून परशुरामापर्यंतचे अवतार एकेक करून तपासले. त्यांनी ते बळीच्या बाजूने सांगितले. अवतार म्हणजे बाहेरून चाल करून आलेल्यांचे पुढारी, आणि ज्यांना असुर-राक्षस म्हटलं ते इथले रक्षक. आता गंमत बघा. ज्या बँडने तीन अल्बम राक्षसाला मध्यभागी ठेवलं, त्याला इथल्या राक्षसांची गोष्ट सांगायची संधी आली तेव्हा दहाही गाण्यांना नावं अवतारांची मिळाली. वामनाच्या नावाचं गाणं आहे, बळीच्या नावाचं नाही.

आणि नववा बुद्ध. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतली पाचवी नेमकी हीच गोष्ट नाकारते: बुद्ध विष्णूचा अवतार नाही, तसं सांगणं हा खोटा प्रचार आहे. गाण्याच्या नावात बुद्धाला 'टीचर' म्हटलंय, ते बरोबरच आहे. बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही. पण त्याला कृष्ण आणि कल्की यांच्यामध्ये बसवलं की शिक्षकाचा देव होतो आणि त्याचं बंड संपतं.

पोरगा म्हणाला, "ताई, ते गोष्ट म्हणून गातात. श्रद्धा म्हणून नाही." मान्य. बँडचा हेतू वाईट होता असं मी म्हणतच नाही. पण गोष्ट म्हणूनच ती खोल जाते. पोथी न वाचणारा पोरगाही गाण्यांच्या यादीतून 'नववा अवतार' पाठ करतो. देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. वाकडपासून ती जागा हाकेच्या अंतरावर. तिथे दरवर्षी वंदनेला जाणाऱ्या पोराच्या कानात ही यादी वाजत असेल, तर त्यावर बोलायला नको?

मग मेटल टाकून द्यायचं का? मुळीच नाही. ब्लॅक सॅबथचा टोनी आयोमी बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात कामगार होता. मशीनखाली त्याच्या दोन बोटांची टोकं गेली. त्याने बोटांना टोपणं लावली, पुढे तारा सैल केल्या आणि त्यातून जड, काळा सूर घडत गेला. भोसरी-चाकणच्या प्रेस शॉपमध्ये राबणाऱ्यांना हा सूर परका कसा वाटेल? हे संगीत कारखान्यातून आलंय, म्हणजे आपल्याच घरातून.

चेन्नईत पा. रंजित यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या कास्टलेस कलेक्टिव्हने गाना, रॅप आणि रॉकमधून जातीवर बोलून दाखवलं. मुंबईच्या धम्म विंग्जने रॉकमध्ये बुद्ध-भीम गायले. आपल्याकडे वामनदादांचा वारसा आहे, आता हातात गिटारही आहे.

त्या पोराला मी अल्बम डिलीट करायला सांगितलं नाही. 'गुलामगिरी' दिली. म्हटलं, वाच आणि बळीचं गाणं लिही. चाल पाहिजे तेवढी जड लाव.

जय भीम!