लढाई खेळायची, तर जागाही राखा!



सनीव्हेल आणि आसपासच्या गावांतून राहणाऱ्या मराठी मंडळींत अलीकडे एक नवी टूम निघाली आहे. शिवजयंतीला नुसती भाषणे आणि पोवाडे पुरत नाहीत, म्हणून एक कायमचे पथक उभारायचे, पोशाख शिवायचे, ढाली-तलवारी मागवायच्या आणि दरवर्षी एखादी लढाई उघड्या मैदानावर साक्षात करून दाखवायची. यंदा खांदेरीची लढाई घ्यावी असे घाटते आहे. आपण पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातली माणसे. खांदेरी आपल्या दारातली. सबब आपल्या घरच्या मुलांनाही बोलावणे आले आहे.

त्यावरून आपल्यात दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, हा पोरखेळ आहे, मुलांनी शाळेच्या अभ्यासाकडे लक्ष द्यावे. दुसरा म्हणतो, पोशाख घाला, जयजयकार करा, मुलांची छाती फुगली म्हणजे झाले. माझ्या मते दोन्ही तट चुकत आहेत, आणि दुसरा अधिक चुकतो आहे. पथक अवश्य काढावे. पण ज्या पथकाला लढाईची जागा ठाऊक नाही आणि त्या जागेसाठी जे एक पैसाही काढीत नाही, त्याने इतिहासाचे नाव घेऊ नये. आपल्या खेळाला सरळ नाटक म्हणावे. नाटक ही काही वाईट गोष्ट नव्हे. पण नाटकाला इतिहास म्हणून खपविणे वाईट.

आता खांदेरीचेच पाहा. रंगमंचावर ती कशी दिसेल हे आजच सांगता येईल. पुठ्ठ्याचा तट, ध्वनिक्षेपकावर तोफांचा आवाज, लाल डगल्यातला एक इंग्रज कप्तान गुडघे टेकतो आहे आणि पडदा पडतो आहे. प्रत्यक्षात काय घडले? १६७९च्या पावसाळ्याअखेर शिवाजी महाराजांच्या आज्ञेने मायनाक भंडारी सुमारे दीडशे माणसांनिशी त्या ओसाड बेटावर उतरला आणि तटाचे काम सुरू झाले. मुंबईकर इंग्रजांच्या पोटात गोळा उठला, कारण बेट त्यांच्या बंदराच्या तोंडाशी होते. १९ सप्टेंबरला त्यांचा एक अधिकारी थॉर्प बेटावर उतरू पाहताना मारला गेला. १८ ऑक्टोबरला दौलतखानाचे आरमार इंग्रजांवर चालून आले. ‘डव्ह’ नावाचे इंग्रजांचे गलबत मराठ्यांच्या हाती लागले आणि त्यांच्या बाकीच्या होड्या पांगल्या. परंतु केग्विन ज्या ‘रिव्हेंज’ जहाजावर होता, ते एकटे ठाण मांडून लढले, आणि आपल्या आरमाराला नागोठण्याच्या खाडीकडे परतावे लागले. म्हणजे त्या एका दिवसाचा निकाल पुठ्ठ्याच्या तटावर दिसेल तसा मुळीच नव्हता.

मग बेट राहिले कसे? ते राहिले रात्रीच्या होड्यांमुळे. वारा पडला की इंग्रजांची मोठी जहाजे जागच्या जागी खिळून राहात, आणि वल्ह्यांच्या लहान होड्या उथळ पाण्यातून, अंधारातून धान्य, दारूगोळा आणि माणसे बेटावर पोहोचवीत. १६८०च्या आरंभी इंग्रजांनी नाद सोडला. बेट राखणारे हे हात कोळ्यांचे होते, भंडाऱ्यांचे होते, किनाऱ्यावरच्या कष्टकऱ्यांचे होते. तलवारीच्या नाटकात त्यांना जागा कोठे आहे? ज्या मुलाला वल्हे धरून हाताला फोड आणण्याऐवजी चकचकीत तलवार उगारायला शिकविले, त्याला खांदेरी कळलीच नाही.

हे मी केवळ टीकेसाठी लिहीत नाही. काम कसे करावे याचे उदाहरण इस्राएलमधील वाचकांच्या शेजारीच आहे. गालीलात ११८७ साली झालेल्या हित्तीनच्या लढाईचे पुनर्दर्शन करणारी मंडळी जुलैच्या उन्हात, अंगावर चिलखत चढवून, त्सिप्पोरीहून हित्तीनच्या दिशेने पायी चालत जातात. ती लढाई तहानेने हरली गेली, हे पुस्तकात सर्वांनी वाचलेले असते. पण घशाला कोरड पडली म्हणजे ते समजते. आमच्या पथकाने असेच करावे. सनीव्हेलच्या शेजारी माउंटन व्ह्यूला शोरलाइनचे तळे आहे आणि तेथे भाड्याने होड्या मिळतात. वाळूच्या पिशव्या भरा, होडीत टाका आणि मुलांना वल्हवू द्या. एका सकाळीत दहा भाषणांचे काम होईल.

आता खरा नाजूक प्रश्न. शत्रू कोण होणार? जेथे जेथे असे खेळ होतात तेथे इंग्रज आणि सिद्दी व्हायला कोणी तयार नसतो. शेवटी जो उशिरा येतो किंवा ज्याचे कोणाशी पटत नाही, त्याच्या माथी लाल डगला मारला जातो. आपल्या समाजाने तरी हे चालू देऊ नये, कारण आपले पूर्वज दोन्हीकडे होते. आंग्र्यांच्या आरमारात चुर्रीकर घराण्यातील पुरुष अधिकारपदावर होते. आणि सामाजी हसाजी दिवेकर? ते कंपनीच्या फौजेत होते. टिपूच्या कैदेत पडले, सुटून आले आणि १७९६ साली मुंबईत शाअर हारहमीम, म्हणजे आपली जुनी मशीद, त्यांनी बांधली. मुंबईतला समुएल स्ट्रीट त्यांच्याच नावाचा. त्यांच्या मागून आपल्या कितीतरी घरांतील पुरुष मुंबईच्या पलटणीत सुभेदार-जमादार झाले. यांतल्या कोणाला आपण आपला म्हणायचे आणि कोणाला लपवायचे? ज्या खेळात एकच बाजू माणसांची आणि दुसरी राक्षसांची, त्या खेळात आपल्या मुलांना अर्ध्या पूर्वजांची लाज वाटायला शिकविली जाईल. मला ते मान्य नाही, आणि कोणत्याही शहाण्या आईबापाला ते मान्य होऊ नये.

शिवाय एक गोष्ट ध्यानात घ्यावी. खांदेरीच्या लढाईचा दिवसवार तपशील आपल्याला मिळतो तो मुख्यतः इंग्रजांच्या मुंबई-सुरतेच्या पत्रव्यवहारातून. आपल्या पराक्रमाची नोंद शत्रूच्या दप्तरात राहिली. तेव्हा त्याची भूमिका नीट अभ्यासून करणे हे त्याच्यावर उपकार नव्हेत. आपलीच बाजू समजून घेण्याचा तो रस्ता आहे.

आता जागेकडे वळू. २०२५च्या जुलै महिन्यात युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशाचे म्हणून १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. अकरा महाराष्ट्रातले आणि एक तामिळनाडूतला जिंजी. त्यात खांदेरी आहे. बातमी आली तेव्हा येथे पेढे वाटले गेले, आणि ते योग्यच झाले. पण त्या यादीत उंदेरी नाही, हे पेढे खाताना कितीजणांच्या लक्षात आले? १६८०च्या जानेवारीत सिद्दीने समोरचे उंदेरी बेट घेतले, तटबंदी केली आणि तेथून खांदेरीवर तोफा डागल्या. दोन बेटे मिळून एक रणक्षेत्र होते. आज खांदेरीवर १८६७ सालचा दीपस्तंभ आहे, वेताळाचे देऊळ आहे, कोळ्यांची वर्दळ आहे. उंदेरीच्या तटावर झाडे माजली आहेत आणि तोफा खाऱ्या वाऱ्यात गंजत पडल्या आहेत. नवगावला जिथे आपण पूर्वजांच्या स्मारकाला जातो, त्या किनाऱ्यावरून दोन्ही बेटांकडे पाहावे. समुद्र एकच, लढाई एकच. मग एका बेटाला मानमरातब आणि दुसऱ्याला झाडझाडोरा, असे का? शत्रूचा किल्ला म्हणून? अर्धे रणांगण राखणे म्हणजे पत्राचे एक पान जपून दुसरे चुलीत घालण्यासारखे आहे.

अमेरिकेकडून आपण पुष्कळ गोष्टी घेतल्या, ही एक घ्यायची राहिली. १९६१ साली यादवी युद्धाची शताब्दी म्हणून व्हर्जिनियात मनासासच्या प्रत्यक्ष रणभूमीवर हजारो लोकांसमोर लढाईचा देखावा झाला. त्यावर टीकेची झोड उठली. जेथे माणसे मेली तेथे जत्रा भरवायची काय, असा सवाल लोकांनी केला. आज राष्ट्रीय उद्यान खात्याच्या जमिनीवर दोन फळ्यांनी एकमेकींवर बार काढून लढाई दाखविण्यास मनाई आहे. कवायत दाखवा, छावणी मांडा, बंदूक कशी भरीत ते शिकवा, पण मेल्याचे सोंग तेथे नको. खेळासाठी दुसरी मैदाने आहेत. आणि रणभूमी वाचविण्यासाठी खाजगी संस्थेने वर्गणी जमवून ५० हजार एकरांहून अधिक जमीन राखली आहे. तिच्या वर्गणीदारांत आणि स्वयंसेवकांत ही लढाई खेळणारी पथकेही आहेत. हौस आणि जबाबदारी या देशात एका ताटात जेवतात. आपल्याकडे मात्र हौस जेवते आणि जबाबदारी दाराशी ताटकळते.

कोणी म्हणेल, ‘कोकण दूर, व्हर्जिनिया दूर, आम्ही सनीव्हेलमध्ये बसून काय करावे?’ त्यांना माझे उत्तर असे की रणभूमी आपल्या पायाखाली आहे. २ जानेवारी १८४७ रोजी सांता क्लारा मिशनच्या पश्चिमेला सुमारे अडीच मैलांवर, म्हणजे सनीव्हेलच्या वेशीलगत, फ्रान्सिस्को सांचेझच्या कॅलिफोर्नियन पशुपालकांची आणि कप्तान मार्स्टनच्या अमेरिकन तुकडीची चकमक झाली. ‘मोहरीच्या दांड्यांची लढाई’ असेही तिला म्हणतात. कारण काय? अमेरिकन फौजेने या लोकांची घोडी आणि गुरे बळजबरीने नेली होती. मोठी प्राणहानी झाली नाही. तह झाला, मालमत्ता यापुढे हिरावणार नाही असे वचन मिळाले. पुढे १८५१च्या जमीन कायद्याने याच लोकांना आपले हक्क शाबीत करण्यासाठी वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या आणि अनेकांच्या जमिनी गेल्या. त्यांच्याही आधी ही भूमी ओलोनी लोकांची होती, त्यांचे तर काय झाले ते विचारूच नका.

त्याच परिसरात, एल कामिनो रस्त्यावर, आज आपण कोथिंबीर, सुके बोंबील आणि पोहे विकत घेतो. आपल्या मुलांपैकी किती जणांना हे माहीत आहे? ज्या गावात आपण घर घेतले, मुले वाढविली, त्या गावच्या लढाईची जागा ज्याला दाखविता येत नाही, त्याने खांदेरीचा अभिमान कोणत्या तोंडाने सांगावा? दुसऱ्याच्या इतिहासाची कदर केल्याशिवाय आपल्या इतिहासाची कदर करा असे जगाला सांगता येत नाही.

तेव्हा पथक काढणाऱ्यांना माझे स्पष्ट सांगणे आहे. या अटी मान्य असतील तरच आपल्या मुलांना पाठवावे.

पहिली अट, पोशाखाआधी वाचन. ज्याने लढाईची हकीकत दोन्ही बाजूंनी वाचली नाही, त्याला तलवार मिळणार नाही.

दुसरी, भूमिका चिठ्ठ्या टाकून. ज्याच्या नावाने इंग्रज किंवा सिद्दी निघेल, त्याने तो मन लावून करावा. बिनधारेची हत्यारे, खरी दारू नाही, आणि लहान मुलांनी वल्ही, ओझी, निशाण सांभाळावे, मारामारीत शिरू नये.

तिसरी, जमा होणाऱ्या वर्गणीतून जितका पैसा पोशाखाला, तितकाच जागेला. सुटीत कोकणात जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने उंदेरीच्या तोफा मोजाव्यात, छायाचित्रे घ्यावीत आणि पुरातत्त्व खात्याकडे लेखी मागणी करावी. मात्र उत्साहाच्या भरात कोणी स्वतः सिमेंट फासायला जाऊ नये. परवानगीशिवाय केलेली दुरुस्ती ही मोडतोडच असते.

चौथी, दरवर्षी २ जानेवारीच्या सुमारास मुलांना घेऊन सांता क्लाराच्या त्या चकमकीची जागा पायी फिरावी. एक तास पुरेल आणि त्याला पोशाख लागत नाही.

या अटींनी हौस मरेल असे काहींना वाटते. ज्या हौसेला चार पाने वाचायचा आणि चार पैसे द्यायचा कंटाळा, ती मेली तर रडू नये. पण मला तसे होईल असे वाटत नाही. आपली मुले आपल्याला वाटतात त्याहून चौकस आहेत. त्यांना खरे सांगितले तर ती खऱ्यावर प्रेम करतील. उंदेरीचा एक बुरूज दरवर्षी थोडा थोडा ढासळतो आहे. तो वाट पाहात बसणार नाही. पथकाची पहिली बैठक व्हायच्या आत, या विषयावर आपल्या घरी बोला आणि आपले मत पथकाला लेखी कळवा.