रविवार परतला, पण कोणाच्या वाट्याला?

संयुक्त अरब अमिरातीने १ जानेवारी २०२२ पासून साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारवरून शनिवार-रविवारवर नेली आणि शुक्रवारी अर्धा दिवस काम ठेवले. शारजाने शुक्रवार ते रविवार अशी तीन दिवसांची सुट्टी स्वीकारली. जागतिक बाजारांशी व्यवहार जुळवणे हे या बदलामागचे कारण होते. धर्माचा त्यात संबंध नव्हता. तरीही त्याचा थेट परिणाम येथील ख्रिस्ती समाजाच्या आठवड्यावर झाला.

त्यापूर्वी अनेक दशके आखातातील ख्रिस्ती भाविकांचा ‘रविवार’ शुक्रवारी येत असे. १९६५ साली अबुधाबीत सेंट जोसेफ आणि १९६७ साली दुबईत सेंट मेरी ही चर्च उभी राहिली. सुट्टीच्या दिवशीच समाज जमणार, हे ओळखून रविवारची उपासना शुक्रवारी करण्याची मुभा देण्यात आली होती. १९८० च्या कामगार कायद्यानुसार शुक्रवार हा कामगारांच्या सुट्टीचा सर्वसाधारण दिवस होता. त्यामुळे बँकेतील अधिकारी आणि बांधकामावरील मजूर यांना निदान कागदावर तरी एकच दिवस मोकळा मिळत असे.

२०२१ च्या नव्या कामगार कायद्याने आठवड्यातून किमान एक दिवस विश्रांतीचा हक्क कायम ठेवला. मात्र तो दिवस कोणता, हे ठरवण्याचे काम नोकरीच्या कराराकडे व कंपनीच्या नियमांकडे सोपवले. घरकामगारांनाही २०२२ च्या कायद्याने आठवड्याला एक पगारी सुट्टी दिली. ही सुधारणा मोलाची आहे. परंतु मॉलमधील विक्रेता, रुग्णालयातील परिचारिका किंवा घरकाम करणारी स्त्री यांची सुट्टी मंगळवारी आली, तर चर्चचा परतलेला रविवार त्यांच्यासाठी कामाचाच दिवस उरतो. कार्यालयीन नोकरदारांना रविवार मिळाला, पण सर्वांचा मिळून असलेला एक दिवस विरळ झाला. सामूहिक उपासनेवर उभ्या असलेल्या धर्मासाठी ही गोष्ट किरकोळ नाही.

राज्यसंस्थेकडून मिळणाऱ्या मोकळिकीबाबतही असाच बारकावा आहे. चर्चसाठी राज्यकर्त्यांनी जमिनी दिल्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस अबुधाबीत आले, अल-अझहरचे प्रमुख इमाम अहमद अल-तय्यब यांच्यासह त्यांनी मानवी बंधुतेच्या दस्तऐवजावर स्वाक्षरी केली आणि झायेद स्पोर्ट्स सिटीतील मिस्सेला सुमारे १ लाख ८० हजार भाविक जमले. २०२३ मध्ये सादियात बेटावर मशीद, चर्च आणि सिनेगॉग एकाच आवारात असलेले अब्राहमिक फॅमिली हाउस खुले झाले. त्याच वर्षी बिगर-मुस्लिम प्रार्थनास्थळांसाठी संघराज्यीय कायदा आला. राज्यघटनेचे ३२ वे कलम प्रस्थापित रूढींनुसार उपासनेचे स्वातंत्र्य देते. मुस्लिमांमध्ये धर्मप्रसार करण्यास मात्र मनाई आहे. म्हणजे येथे उपासनेचे स्वातंत्र्य आहे, पण ते आवाराच्या भिंतींशी बांधलेले आहे. येथील चर्चने ही मर्यादा स्वीकारून आपले बळ अंतर्गत जीवनावर लावले. म्हणूनच त्या अंतर्गत जीवनाची वीण सैल होणे अधिक चिंतेचे ठरते.

त्यातही मराठीभाषक ख्रिस्ती कुटुंबांपुढे आणखी एक पेच आहे. मराठीत ख्रिस्ती श्रद्धा उपरी नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ सालचे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिनची जागा लोकभाषांनी घेतली आणि वसईच्या चर्चमध्ये मराठी रुजली. तेथीलच फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. अमिरातीत मात्र इंग्रजी, मल्याळम, कोकणी, तमिळ, टागालोग आणि अरबी अशा भाषांच्या गर्दीत संख्येने लहान असलेला मराठी गट सहजच इंग्रजी मिस्सेकडे वळतो. मुलांचे धर्मशिक्षणही इंग्रजीत झाले, की आजीसोबत प्रार्थना म्हणताना त्यांची जीभ अडखळते.

एरवी परदेशातील समाज दोन-तीन पिढ्यांत स्थिरावतो. येथे बहुतेकांचा निवास-व्हिसा नोकरीशी जोडलेला असतो. नोकरी सरली की बहुतांश कुटुंबे परततात. आजी-आजोबांची पिढी चर्चच्या बाकांवर फारशी दिसत नाही, आणि संस्कार पुढे नेणारा हाच दुवा तुटलेला असतो. शिवाय ज्या मुलांना उद्या वसईला परतायचे आहे, त्यांच्यासाठी मराठी प्रार्थना ही केवळ आठवण नव्हे, ती उद्याची गरज आहे.

यावर उपाय मोठ्या इमारतींत नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशीही कामगाराला सोयीच्या वेळी मिस्सा मिळणे, मराठी कुटुंबांनी महिन्यातून एकदा तरी आपल्या भाषेत प्रार्थनेसाठी जमणे, आणि घरी जेवणापूर्वीची प्रार्थना मराठीत म्हटली जाणे, या गोष्टी कोणत्याही कायद्याच्या आड येत नाहीत. सुट्टीचा दिवस सरकार आणि कंपनी ठरवतात. त्या दिवशी कोणाला सोबत घ्यायचे आणि कोणत्या भाषेत, हे अजूनही भाविकांच्याच हाती आहे.