सुभद्रेला झोपू द्या

माझ्या मित्रमैत्रिणींच्या फोनमध्ये सध्या दोन ॲप्स शेजारीशेजारी नांदतात. एक म्युच्युअल फंडाचं, दुसरं गरोदरपणाचं. दोन्हींत आलेख, दोन्हींत टार्गेट, दोन्हींचं सकाळी सकाळी नोटिफिकेशन. ‘या आठवड्यात तुमचं बाळ लिंबाएवढं झालं!’ बाळ जन्मलं की लिंबू जातं आणि डेडलाइन येते. मान धरली का? पालथं पडलं का? ‘मम्मा’ म्हणालं का? बी विंगमधलं बाळ तर बसायलाही लागलं म्हणे.

जे मोजता येईल त्याचा डॅशबोर्ड करायचा, ही आम्हा आयटीवाल्यांची खोड. सर्व्हरसाठी ती बरी आहे. बाळासाठी नाही. वाढीच्या टप्प्यांचा तक्ता मागे पडणाऱ्या मुलाला वेळेत हात देता यावा म्हणून बनला. आपण त्याची शर्यत केली, शर्यतीचा बाजार केला, आणि ज्यांना त्या तक्त्याची खरी गरज आहे त्यांना मैदानाबाहेर उभं केलं. माझं भांडण याच्याशी आहे.

लिंबाआधीचे आठवडे

ड्यू डेटपासूनच बघा. चाळीस आठवड्यांची मोजणी शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून सुरू होते, म्हणजे पहिले दोन आठवडे पोटात बाळ नसतंच. आणि ठरल्या तारखेला जन्मणारी बाळं शंभरात जेमतेम पाच. बाळ जन्माला येण्याआधीच पहिली डेडलाइन हुकवतं, आणि त्यात काहीही बिघडलेलं नसतं.

बिघडू शकतं ते फार आधी. ज्या नळीतून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू घडतो, ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. तोवर अनेक बायकांना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. म्हणून फॉलिक ॲसिडची गोळी दिवस राहण्याआधीपासून घ्यायची असते. रोज ४०० मायक्रोग्रॅम, अगदी स्वस्त गोळी. तिची जाहिरात कुणी करत नाही, कारण तिच्यात कुणाला फारसे पैसे नाहीत.

पैसे आहेत ते गर्भसंस्कारात. पोटाला लावायचे हेडफोन, ‘जीनियस बेबी’चे वर्ग, आठवड्यागणिक मंत्रांची प्लेलिस्ट. विज्ञानाचा दाखला म्हणून मोझार्ट पुढे केला जातो. तो मूळ प्रयोग १९९३ साली ‘नेचर’मध्ये छापून आला. त्यात ३६ जण होते, सगळे कॉलेजचे विद्यार्थी. मोझार्ट ऐकल्यावर आकृत्यांची कोडी त्यांना थोडी बरी सुटली आणि तो परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. बाळ त्या प्रयोगात एकही नव्हतं. तरी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरने प्रत्येक नवजात बाळाला संगीताची सीडी द्यायचं ठरवलं. ‘बेबी आइन्स्टाइन’ नावाच्या व्हिडिओंचा धंदा फोफावला आणि २००९ मध्ये डिस्नेवर त्या डीव्हीडींचे पैसे परत करण्याची वेळ आली.

बाळ पोटात ऐकत नाही असं नाही. सहावा-सातवा महिना लागला की ते आवाजाला प्रतिसाद देऊ लागतं. १९८० मधल्या एका प्रयोगात नुकत्याच जन्मलेल्या बाळांनी आपल्या आईचा आवाज ओळखला. तो ऐकू यावा म्हणून ती बोंडलं चोखण्याची लय बदलत होती. पण हा आवाज कुठला? भाजीवाल्याशी घासाघीस करणारा, फोनवर बहिणीशी हसणारा, बॉसवर वैतागणारा. तो फुकट असतो, आणि त्यासाठी कुठला वर्ग लावावा लागत नाही.

या धंद्याचा ब्रँड ॲम्बॅसडर अभिमन्यू. ती गोष्ट आपण सगळे ऐकत आलो, पण तिच्यात दोष कुणाकडे जातो ते पाहा. चक्रव्यूहात शिरण्याची विद्या पोटातल्या बाळाने ऐकली, मग सुभद्रेला झोप लागली, बाहेर पडायची विद्या राहून गेली, आणि मुलगा मारला गेला. सात महारथी मिळून एका पोराला घेरतात, आणि हिशेब निघतो आईच्या डुलकीचा! आजचा बाजार हेच विकतो: ताई, तुम्ही ऐकलं नाहीत, वाचलं नाहीत, प्रसन्न राहिला नाहीत, उद्या मूल मागे पडलं तर बघा. गरोदर बाईला झोप हवी असते. सुभद्रेला झोपू द्या.

रांगणं काढून टाकलं

आता जन्मानंतरचे टप्पे. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या ८१६ मुलांची पाहणी करून २००६ मध्ये हालचालींच्या टप्प्यांचे आकडे दिले. त्यांत दिल्लीची मुलंही होती. आधाराशिवाय चालण्याचं वय निघालं ८.२ ते १७.६ महिने. नवव्या महिन्यात चालणारं मूल आणि सतराव्या महिन्यात चालणारं मूल, दोन्ही निरोगी. शंभरातली चारेक मुलं तर हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत आणि तरी वेळेत चालली.

हे पट्टे आहेत. ॲप मात्र त्या पट्ट्यातला एक दिवस उचलून नोटिफिकेशन पाठवतं. आकडा मधला असेल तर निम्मी मुलं त्याच्या मागे असणारच, ‘मधला’ या शब्दाचा अर्थच तो आहे. रिलीजआधी लोड टेस्टचे पर्सेंटाइल डोळ्यांत तेल घालून वाचणारे आम्ही, घरी बाळाचा आलेख बघितला की हे विसरतो. अमेरिकेच्या सीडीसीने २०२२ मध्ये आपला तक्ता सुधारला. आधी एखाद्या वयासमोर निम्म्या मुलांना जमणारी गोष्ट लिहिलेली असायची, आता चारातल्या तिघांना जमणारी असते. रांगणं तक्त्यातून काढूनच टाकलं. का? तर तक्त्यातली एखादी गोष्ट मुलाला जमत नसेल तर तो खरोखर डॉक्टरकडे जाण्याचा इशारा ठरावा.

बालमानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे मुलांच्या विचारशक्तीचे टप्पे सांगायचे, तेव्हा अमेरिकेत हमखास विचारलं जायचं की हे टप्पे लवकर कसे गाठता येतील. त्यांनी या प्रश्नाचं नावच ‘अमेरिकन प्रश्न’ ठेवलं. आज तो पिंपरी-चिंचवडच्या प्रत्येक सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारला जातो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पहिलीचं वय सहा ठरवलं आहे. आपण तिसऱ्या वर्षी पोराच्या हातात पेन्सिल देऊन ‘ए’च्या ठिपक्यांवरून ती फिरवून घेतो आणि बोटं दुखतात म्हणून ते रडलं तर त्याला हट्टी म्हणतो.

‘बोलेल की, बापही उशिराच बोलला’

मग तक्ते फेकून द्यायचे? आजीच्या काळी कुठे होतं हे सगळं, असं म्हणणारे माझ्याही घरात आहेत. पालथं पडणं, रांगणं, धरून उभं राहणं, पाऊल टाकणं, बोबडं बोलणं. या शब्दांत क्रम आहे, तारीख नाही, हे मला आवडतं. पण त्याच घरांत ‘बोलेल की, बापही उशिराच बोलला’ म्हणत मुलाची तीन वर्षं जातात आणि शेवटी कळतं की त्याला ऐकूच येत नव्हतं. श्रवणदोष जन्मानंतर महिन्याभरात तपासायचा, तीन महिन्यांत निदान करायचं आणि सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू करायचे, असा सरळ नियम आहे. दीड वर्षाचं मूल चालत नसेल, किंवा येत असलेले शब्द विसरू लागलं असेल, तर गप्प बसणं हा गुन्हा आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांची मोफत तपासणी होते आणि बऱ्याच जिल्ह्यांत पुढच्या उपचारांची केंद्रंही आहेत. तक्ता यासाठी आहे.

मैदानाबाहेरचे

आता ज्यांच्यासाठी तो होता त्यांच्याकडे या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या गरोदर स्त्रियांपैकी ५२.२ टक्के रक्तक्षयी आहेत, आणि पाच वर्षांखालच्या ३५.५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुजी आहे. मुलांच्या खुजेपणात महाराष्ट्र देशाच्या सरासरीला चिकटून आहे. गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे हजार दिवस खाणंपिणं कमी पडलं, तर ती झीज पुढे पूर्णपणे भरून निघत नाही. बीडहून कोयता घेऊन ऊसतोडीला जाणारी बाई गरोदरपणातही मोळ्या उचलते, कारण एक दिवस खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो. तिच्या बाळाचे पालथं पडणं, बसणं, चालणं हे टप्पे उसाच्या फडात होतात. त्यांचं नोटिफिकेशन कुणाला जात नाही.

याचं उत्तर आपल्याकडे केव्हाच शोधलं गेलंय. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डी-कोसबाडला आदिवासी पाड्यांच्या अंगणात बालवाडी घेऊन गेल्या. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांकडे नेऊ, हा विचार. १९७५ पासून सरकारची अंगणवाडी आहे. तिथली सेविका गरोदर बाईची नोंद घेते, बाळाचं वजन करते, तीन वर्षांच्या मुलाला गाणी शिकवते. तक्ता खऱ्या अर्थाने वापरणारी ती आहे, आणि तिला आपण पगार नाही, ‘मानधन’ देतो. २०२१ मध्ये राज्यातल्या सेविकांनी सरकारने दिलेले निकृष्ट मोबाइल परत केले. ज्या ॲपमध्ये मुलांची वजनं भरायची ते इंग्रजीत आहे, ही त्यांची तक्रार होती. माझ्या मित्राच्या बाळासाठी लिंबू दाखवणारी स्क्रीन झुळझुळीत, आणि जिच्यावर लाखो मुलांचं पोषण अवलंबून आहे तिच्यासाठी अडकणारा फोन. माझ्या धंद्याची याहून मोठी शरम मला माहीत नाही.

आणि आपण, फ्लॅटवाले? २०१७ च्या दुरुस्तीने आईला २६ आठवड्यांची रजा मिळाली आणि ५० वा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. तुमच्या ऑफिसात ते आहे का? केंद्र सरकारी नोकरीत बापाला १५ दिवसांची रजा आहे, खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याने एक दिवसही नाही. बाळाला पहिल्या वर्षी सर्वांत जास्त काय लागतं तर त्याच्याकडे बघून बोलणारा, निवांत माणूस. तो देण्याऐवजी आपण त्याला सबस्क्रिप्शन देतो.

म्हणून ॲपचं नोटिफिकेशन बंद करा आणि एचआरला मेल लिहा: पाळणाघर कुठे आहे, बापाची रजा किती? अंगणवाडी सेविका पुढच्या वेळी संपावर जातील तेव्हा ‘ट्रॅफिक जाम’ एवढंच स्टेटस टाकू नका, त्या काय मागतात ते वाचा. आणि बी विंगमधलं बाळ बसायला लागलं असेल तर त्याच्या आईला विचारा, तुझी झोप होते का गं?